काळ्या पट्टीखालची काच

कुपवाड
मंगळवार, ४ मार्च २०२५

सम्मेददादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे न उघडताच फेकून द्याल, या भीतीनं पत्ता झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईंकडून लिहून घेतला आहे. फोन तुम्ही वर्कशॉपमधल्या कुणाचाच उचलत नाही. साताऱ्याचा पत्ता राजमतीकाकूंनी दिला. अण्णांना यातलं काही माहीत नाही. ते तुमचे काका, तुमच्या घरातलं भांडण, मी त्यात पडू नये हे कळतं. मी कामाचंच लिहिते.

पाणी चढू लागलं की भोंगा वाजवणाऱ्या पूरपेट्यांची फेब्रुवारीची तपासणी झाली. अण्णांनी नदीकाठच्या गावांत बसवलेल्या सात पेट्यांपैकी तीन उरल्या होत्या, आता एक उरली. वाळव्याकडची तपासणीचं बटण दाबलं तरी गप्प. हरिपूरची बटण न दाबताच ओरडत सुटते, तिथल्या लोकांनी भोंग्यात पोतं कोंबलंय. पलूसच्या बाजूला देवळाच्या भिंतीतली तेवढी नीट आहे, ती सावलीत असते म्हणून. तिची किल्ली अजून नाथाजी फौजींकडेच असते. त्यांनी तुमची चौकशी केली. म्हणाले, “ताई, ह्यो भोंगा एकवीस साली वाजला तवा पयल्यांदा बारा म्हशी सोडल्या, मग बायकूला उठवली. आजून बोलून दावती. बंद पडला तर सांगा, मी शिट्टी घिऊन बसतो. पर माझी शिट्टी जाऊन जाऊन किती लांब जाईल वो?”

बिघडलेल्या दोन्ही पेट्यांमधल्या चिपा मी तपासल्या. बाकी सगळं चांगलं आहे, चिपमधला प्रोग्रामच विरत चाललाय. पत्र्याच्या डब्यात अठरा वर्षं तापून दुसरं काय होणार? पलूसची चिपही आज ना उद्या जाईल. तिच्यातला प्रोग्राम वाचून नव्या चिपांमध्ये उतरवता आला तर सातही पेट्या पुन्हा उभ्या राहतील. पण अण्णांनी गावात बसवलेल्या प्रत्येक चिपला कुलूप घातलंय. वाचायला गेलं की सगळीकडे एकच कोरा आकडा दिसतो. कुलूप का घातलं तेही त्यांनी मला सांगितलं होतं. एका पुढाऱ्याला भोंगा उशिरा वाजायला हवा होता, वीटभट्टीवरचे मजूर काम टाकून लवकर पळू नयेत म्हणून. त्यानंतर अण्णांनी ठरवलं, आकड्यांना कुणाचा हात लागता कामा नये.

कुलूप नसलेल्या चार मास्टर चिपा होत्या, त्या गेल्या. अण्णांचा जुना संगणक आणि वह्या एकोणीसच्या पुरात गेल्या. मी प्रोग्राम नव्यानं लिहून पाहिला. एकवीसच्या पुराचे तासातासाचे आकडे त्याला घातले, तर माझा भोंगा पाच तास उशिरा वाजला. अण्णांना रीत आठवते, आकडे आठवत नाहीत. कुठल्या घाटावर तासाला किती बोटं पाणी चढलं की पळायचं, हे त्यांनी वीस पावसाळे नदीवर बसून ठरवलं होतं. ते मी तीन महिन्यांत कसं ठरवू?

जुन्या चिपला काचेची खिडकी असते, खिडकीवरची काळी पट्टी काढून अतिनील दिव्याखाली धरलं की आतलं सगळं पुसलं जातं, एवढं मला आता माहीत आहे. तुम्ही एकदा म्हणाला होता की कुलूपही त्याच उजेडानं पुसतं, आणि उजेड फक्त कुलपाच्या जागेवर पाडता आला तर चिप उघडते आणि प्रोग्राम शाबूत राहतो. तुम्ही केलंय का ते कधी? मला शिकवाल?

पावसाळ्याला तीन महिने आहेत. उत्तर वर्कशॉपच्या पत्त्यावर नको, काकूंच्या नावानं पाठवा.

रेश्मा


कुपवाड
गुरुवार, २० मार्च

सम्मेददादा,

माझंच पत्र परत आलं. त्याच्या पाठीवर तुमची एक ओळ: “मी फक्त पुसतो असं तुझ्या मालकांचं मत आहे. उघडायचं त्यांना विचार.”

बरोबर आहे. मी तरी दुसरं काय लिहिलं असतं?

तरी लिहिते, कारण दुसरं कुणी नाही. मिरजेच्या भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या चौदा जुन्या चिपा आणल्या. प्रत्येकीत काहीतरी फालतू प्रोग्राम भरला, कुलूप घातलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुलपाचा कोपरा शोधून बाकीच्या काचेवर काळा रंग दिला. मग दिवा. चौदापैकी अकरा साफ कोऱ्या झाल्या. दोन चिपांचं कुलूप हललंही नाही. एक अर्धी वाचता आली आणि त्या अर्ध्यातही निम्मं चूक. पलूसची चिप एकच आहे.

काल अण्णा अचानक पाठीमागे येऊन उभे राहिले. “दिवा कशाला लावलीस गं?” मी म्हणाले, भंगारातल्या चिपा कोऱ्या करून ठेवतेय, उपयोगी पडतील. ते मान हलवून गेले. या महिन्यात त्यांच्याशी मी किती वेळा खोटं बोलले, ते मोजायचं सोडून दिलंय.

आईचा फोन आला होता. रहिमतपूरला शेजारणीच्या मुलीला बारावीनंतर काय करावं ते माझ्याकडून ऐकायचंय. आई म्हणाली, “मी सांगितलं, माज्या लेकीला इचारा. तिला यील ते सांगता, ती लय खरं बोलती.” मी म्हटलं, नंतर बोलते. मग फोन करवला नाही.

एक गोष्ट लिहायची आहे. मास्टर चिपा तुम्ही पुसल्या नाहीत. मला माहीत आहे. वाटतं असं नाही म्हणत मी, माहीत आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

कसं माहीत, ते एवढ्यात विचारू नका. चिपचं तेवढं सांगा.

रेश्मा


रहिमतपूर
मंगळवार, ८ एप्रिल

सम्मेददादा,

तुमचं उत्तर आलं नाही. येऊही नये. मला माहीत आहे असं लिहायचं आणि कसं ते लपवायचं, हे गप्प बसण्यापेक्षा वाईट झालं. दोन दिवस रजा घेऊन घरी आले आहे, इथं बसून सगळं लिहिते. वाचून झाल्यावर तुम्ही हे पत्र अण्णांना पाठवलंत तरी माझी हरकत नाही.

तेवीस सालची खंडेनवमी. मला कामाला लागून तीन महिने झाले होते. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते महिनाभर घरीच. तुम्ही आधी बाहुबलीला दर्शनाला आणि तिथून परस्पर कराडच्या कामावर. अण्णा फोनवर म्हणाले होते, “हत्यारं पुसा, मांडा, हार घाला. कुणाला हौस असली तर आडवू नये.”

मला हौस होती. आमच्या घरी खंडेनवमीला हत्याराच्या मुठीवरची जुनी चिंधी सोडतात. विळा, खुरपं, आलं काढायची कुदळ, सगळ्यांची. माझे वडील, आप्पा, म्हणतात, “वरीसभर बांधल्यालं असतंय. त्या दिवशी तरी त्येला उघडं ऊन दावायचं.” मग नवी चिंधी. लहानपणापासून ते काम माझंच.

कपाटात मास्टर चिपांची डबी होती. चार चिपा, प्रत्येकीवर काळी पट्टी, मळलेली, कडा सुटलेल्या. मी पट्ट्या सोलून काढल्या. खालचा गोंद स्पिरिटनं पुसला. काच लख्ख झाली आणि आत सोनेरी तारांमध्ये बसवलेला तो चौकोन दिसला. इतकं सुंदर काही असताना वर मळकी पट्टी का लावून ठेवली असेल, असं वाटलं. कॉलेजात चार वर्षं हाताळल्या त्या सगळ्या चिपा बंद, काळ्या. खिडकीची चिप कुणी दाखवलीच नव्हती. आणि विचारायचं कुणाला? वर्कशॉपमध्ये सगळे मला “इंजिनियरबाई” म्हणायचे. इंजिनियरबाईनं विचारायचं, ही काच कशाला आहे?

चारही चिपांच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, एका फळीवर खोचल्या आणि फळी पूर्वेच्या जाळीच्या खिडकीत ठेवली. दसऱ्यानंतर सगळ्यांनी आपापली हत्यारं उचलली. ती फळी मी तिथंच राहू दिली. येणारे-जाणारे थांबून बघायचे, मला बरं वाटायचं. दिवाळीपर्यंत रोज सकाळचं कोवळं ऊन थेट त्या काचांवर.

दिवाळीच्या सुट्टीत इथंच ओसरीवर बसून अण्णांनी दिलेलं जुनं पुस्तक वाचत होते. त्यात एक ओळ होती, खिडकी उघडी राहिली तर उन्हानंही आतलं पुसलं जातं. भाऊबीजेला भावाला ओवाळलं आणि दुपारच्या एसटीनं कुपवाडला आले. वर्कशॉप बंद होतं, किल्ली माझ्याकडे होती. चारही चिपा वाचून पाहिल्या. चारही कोऱ्या.

इथपर्यंत मी अडाणी होते. यापुढचं मी जाणूनबुजून केलं.

काळी चिकटपट्टी आणली. चार तुकडे कापले, काचांवर लावले, वर जुने नंबर लिहिले. हळदकुंकू पुसलं. चिपा डबीत, डबी कपाटात. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण ते माझ्या बाजूनंही लिहायला हवं. जानेवारीत अण्णांनी डबी उघडली. पट्ट्या जागच्या जागी आणि आत काही नाही. म्हणजे कुणीतरी पट्टी काढून, दिव्याखाली धरून, पुन्हा लावलेली. दिव्याच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे. आठवड्यापूर्वीच तुम्ही वेगळं दुकान काढतो म्हणून अण्णांशी भांडला होता. अण्णा म्हणाले, “तुझ्याकडं उतरवून घेतलास आणि माझं पुसलास.”

तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज चढलेला नव्हता. “रेश्मा, तू रोज इथंच बसतेस. दिव्याचं कपाट मी उघडल्याचं कधी बघितलंस?”

मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

चौदा महिने झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. माझं चुकलं तर लोक माझं चुकलं म्हणणार नाहीत, म्हणतील शिकवून काय झालं. तेव्हा ही भीती होती. आज ती सबब वाटते. तुमचं घर गेलं आणि मी माझी पदवी सांभाळत बसले.

क्षमा मागण्याचं धाडस नाही. चिपचं सांगा, असंही आता लिहवत नाही.

रेश्मा


कुपवाड
मंगळवार, २९ एप्रिल

सम्मेददादा,

काकूंच्या नावानं आलेलं जाड पाकीट मिळालं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. आकृत्या, वेळा, अंतरं. मी पहिल्यांदा शेवटून वाचलं, मग मधून, मग सुरुवातीपासून. माझ्या आधीच्या पत्राबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही रागानं लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही लिहिलं तसं केलं. उजेड चिपच्या आत सरळ पडत नाही, कडेच्या भिंतींवर आपटून सगळीकडे फिरतो, म्हणून नुसता रंग देऊन भागत नाही, दिव्याचं तोंडच सुईच्या भोकाएवढं करायचं. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. नऊ चिपा केल्या. सहा उघडल्या, आतलं सगळं शाबूत. तीन गेल्या. सहावी उघडली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं ओरडले आणि बाहेरच्या लेथवरचे मिस्त्री धावत आले, “काय चावलं का?” म्हणून.

शेवटच्या पानावर खाली तुम्ही लिहिलंय: “पलूसच्या चिपला अण्णांना विचारल्याशिवाय हात लावू नको. कुलूप त्यांचं आहे.”

त्यांना विचारायचं म्हणजे ही रीत कुठून कळली ते सांगावं लागेल. तुमचं नाव घेतलं की ते विचारतील, ज्यानं पुसलं तो कशाला मदत करेल? आणि मग मला बोलावंच लागेल. तुम्ही हे जाणून लिहिलंत की सहज, कळत नाही. दोन्ही असेल तर दोन्हीबद्दल तुमची ऋणी आहे.

गेला आठवडाभर रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. अण्णा चहा पितात, मी समोर उभी राहते, ते विचारतात “काय गं?” आणि मी सोल्डर संपल्याचं सांगते. आता कपाटात सोल्डरची सहा रिळं झाली आहेत.

रेश्मा


सांगली
सोमवार, १९ मे

सम्मेददादा,

सांगितलं.

काल रविवारी अण्णांच्या घरी गेले. काकू स्वयंपाकघरात, अण्णांचं ताट वाढलेलं, दिवस मावळायला अर्धा तास असेल. मी म्हटलं, जेवून घ्या, मग बोलते. ते म्हणाले, “बोल गं. तोंड बघवंना तुझं.” मग मी खंडेनवमीपासून सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि रडले नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

अण्णांनी फक्त एक विचारलं. “पट्ट्या कशानं कापलीस?”

“कात्रीनं. मोजपट्टी धरून.”

“आणि कडेला कड जुळवलीस.”

“हो.”

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “सम्या जन्मात कधी पट्टी सरळ लावला नाही. एक वाकडी, एक दुमडलेली. त्यावरनं मी त्याला किती बोललोय. जानेवारीत डबी उघडलो तवाच बघितलो मी. नवे डोळे, सगळं लखलखीत दिसत होतं. चारी पट्ट्या सरळ.”

 काकू म्हणाल्या, “बघितला होता? मग पोराला का घालवलासा वो?”

“तो जाणारच होता.”

“दुकान काढायला जाणार होता. परत यायला वाट ठेवून.”

अण्णा म्हणाले, “चोर म्हणून गेला तर मला रडायला लागत न्हवतं.”

हे मी तुम्हाला लिहावं की नाही, यावर रात्रभर विचार केला. त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं, काकूंना सांगितलं होतं. पण यापुढे तुमच्या वाट्याचं काही माझ्याजवळ ठेवायचं नाही असं ठरवलंय.

बोलता बोलता दिवस मावळला. ताट तसंच राहिलं. काकूंनी ते उचललं, अण्णांनी हात धुतले. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही हा तुमच्या घरचा जैन नेम, म्हणजे आता सकाळपर्यंत काही नाही. माझ्यामुळे उपास घडला असं मी पुटपुटले, तर काकू फटकन म्हणाल्या, “तुझ्यामुळं कशाला? पंधरा महिने झाले, यांना नीट जेवताना कोण बघितलंय?”

निघताना तुमची चार पानं अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा न लावता वाचली. आकृतीवर बोट ठेवून एकदा हसलेही, “तोंड सुईएवढं! शाणा हाय.” मी विचारलं, पलूसची चिप मी करू का? म्हणाले, “तुझा हात सहादा बरोबर आला, तीनदा चुकला. त्या तीनला गावात पाणी शिरतंय. कुलूप माझं हाय, उघडलं तर सम्याच उघडंल.”

म्हटलं, तुम्ही त्यांना लिहिता का?

त्यांनी मला दिवा लावायला सांगितलं आणि ते आत गेले.

मी माझा राजीनामाही टेबलावर ठेवून आले. त्याबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. आज सकाळी कामावर गेले, कारण कुणी नको म्हटलं नव्हतं.

रेश्मा


सांगली
शनिवार, ३१ मे

सम्मेददादा,

हे स्पीड पोस्टानं पाठवते. सोमवारी तुमच्या हातात पडायला हवं. पोस्टातल्या बाईंना तीनदा विचारलं, त्या म्हणाल्या, “साताऱ्यालाच चाललंय ना? अमेरिकेला न्हाई.” तरी मला धीर नाही. म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते: मंगळवारी, ३ जूनला, अण्णा तुमच्याकडे येत आहेत. चिप घेऊन.

या वर्षी पाऊस मेमध्येच आलाय ते तुम्ही बघताच आहात. गेल्या मंगळवारी नाथाजींचा फोन आला. बटण दाबलं की भोंगा तीनदा वाजतो तो दोनदाच वाजला. मी अण्णांना सांगितलं. ते उठले, चप्पल घातली आणि म्हणाले चल. पलूसला पोचलो तेव्हा नदीचं पाणी लालसर झालं होतं, घाटाच्या पायऱ्या अजून उघड्या होत्या. अण्णांनी स्वतः पेटी उघडली, स्वतः चिप काढली, चांदीच्या कागदात गुंडाळली. नाथाजी बघत होते. “आवं अण्णा, काळीजच काढून न्यायला लागलायसा. परत कवा आणणार?”

“पुतण्या म्हणंल तवा.”

“त्यो काय म्हणला?”

“आजून इचारलो न्हाई.”

“अन् त्येच्या आदीच काढलासा?” नाथाजींनी माझ्याकडे पाहिलं. “ताई, फौजेत अशा माणसाला आमी येगळीकडं बसवायचो.” मग त्यांनी खिशातून शिट्टी काढून गळ्यात घातली. म्हणाले, सून आणि ते पाळीनं बसतील, पायऱ्यांवर खडूनं खुणा करून. आज पाचवा दिवस आहे. मी सकाळ-संध्याकाळ फोन करते. काल संध्याकाळपर्यंत तिसऱ्या पायरीची खूण बुडाली नव्हती.

चिपबद्दल: पट्टीची कड उचलून काच मी पाहिली आहे, ओरखडा नाही. गोंद काढलेला नाही, तो तुम्हीच काढा. पट्टी मूळचीच आहे. एक पाय किंचित वाकलाय, वाचनयंत्रात बसवताना जपा. आधी दोनदा कुलूप असतानाच वाचून बघा, संपर्क नीट आहे की नाही ते कळेल. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी बरोबर येते म्हटलं, अण्णा नको म्हणाले. काकू येते म्हणाल्या, त्यांनाही नको. परवा मी वर्कशॉपमध्ये शिरले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं जप चाललाय. जवळ गेले तर ऐकू आलं, “सम्या, हे बघ… सम्मेद, हे बघ…” त्याच्यापुढं जात नव्हते. मला पाहून राजीनाम्याचा कागद माझ्या हातात देत म्हणाले, “ह्याला तारीख घातली नाहीस.” ठेवायचा की तारीख घालायची, ते सांगितलं नाही. उद्या मी रहिमतपूरला जाते आहे, आप्पांना आणि आईला हे सगळं सांगायला. शेजारणीच्या मुलीलाही.

तुम्ही चिप उघडली नाहीत तरी चालेल, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नाथाजी शिट्टी गळ्यात घालून बसलेत. पण ती उघडण्याच्या बदल्यात तुम्ही कुणाला माफ करावं, असंही नाही. मला तर नाहीच.

फक्त एवढं करा. त्यांची एसटी अकराच्या सुमारास पोचते. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली तुमच्या नावाची पाटी आहे, हे काकूंनी त्यांना सांगितलंय. काकू म्हणतात, ते जिना चढणार नाहीत, बेल वाजवणार नाहीत, फोनही करणार नाहीत. रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन उभे राहतील, पाटी वाचतील, अर्धा तास थांबतील आणि परतीची गाडी धरतील. विचारलं तर सांगतील, घरी कुणी नव्हतं.

अकरापासून गॅलरीत उभे राहा. ते वर बघणार नाहीत. तुम्हीच हाक मारा.

रेश्मा